अर्ध्यावरून पुढे: दुसऱ्याने सोडलेली फियाट पूर्ण करताना

पुण्यात एरंडवणे, मुकुंदनगर किंवा सहकारनगरातला एखादा जुना बंगला पुनर्विकासाला निघाला, की सामान हलवताना मागच्या शेडमधल्या गाडीचा प्रश्न उभा राहतो. ताडपत्री बाजूला केली की खाली फियाट असते. इंजिन कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेले, दरवाजे भिंतीला टेकवलेले, सीटा माळ्यावर, आणि नट-बोल्ट, क्लिपा, दिव्यांच्या काचा तेलाच्या डब्यांत नाहीतर बिस्किटांच्या खोक्यांत. कोणीतरी मोठ्या हौसेने गाडी खोललेली असते. मग बदली, आजारपण, मुलांची शिक्षणे किंवा मेस्त्रीचे कायमचे गावी जाणे, असे काही ना काही मध्ये येते. आता कोणी नेणारा मिळाला तर द्यायची, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचे, अशी घरच्यांची तयारी असते.

हे प्रकरण अशी गाडी नेणाऱ्यासाठी आहे. जुनी पण चालू गाडी घेऊन ती नीट करणे आणि दुसऱ्याने खोललेली गाडी पूर्ण करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. चालू गाडी स्वतःच माहिती देते: कुठली वायर कुठे जाते, कुठला बोल्ट किती लांबीचा, कुठल्या फटीत किती रबर. गाडी खोलली की ही माहिती खोलणाऱ्याच्या डोक्यात जाते आणि काम थांबले की तिथून नाहीशी होते. सुटे भाग बाजारात शोधता येतात. गाडी कशी होती याचे ज्ञान मात्र जमवावे लागते, आणि अर्धवट गाडी हाती घेणाऱ्याचे पहिले काम तेच.

ही गाडी आली कुठून

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. त्याआधी त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमान कारखाना आणि पुणे जिल्ह्यातले वालचंदनगर उभे केले होते. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. वालचंद १९५३ मध्येच गेले होते. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडणारी ती जुनी गोल गाडी महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणून घरोघरी माहीत झाली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले.

पद्मिनी रस्त्यावर टिकली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सीवाल्याला गाडी उद्या चालायलाच हवी असते. त्यामुळे गॅस्केट, क्लच प्लेट, व्हील सिलेंडर, बुश असे भाग बनत राहिले आणि विकले जात राहिले. ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. भागांचे हे हुकमी गिऱ्हाईक आता राहिलेले नाही. म्हणून अर्धवट फियाट पूर्ण करायची असेल तर इंजिन-ब्रेकचे जे भाग आज मिळतात ते आजच घेऊन ठेवावेत.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक मागावे. गाडीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर बुकातल्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. नंबराच्या पट्टीवर रंग किंवा गंज असेल तर तो हलक्या हाताने पुसावा, तिथे ग्राइंडर लावू नये. कागद धरून त्यावर पेन्सिल घासली की नंबर उमटतो. हा पेन्सिल प्रिंट आरटीओतही लागतो.

अर्धवट गाड्यांच्या बाबतीत मूळ मालक हयात नसणे नेहमीचे. अशा वेळी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर घ्यायची आणि मग फॉर्म २९ व ३० वर तुम्हाला विकायची, हा सरळ रस्ता. भावंडे असतील तर त्यांची संमती लेखी घ्यावी. बुक हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत काढता येते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. हे सगळे संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात किती सुरळीत होईल, याचा अंदाज पैसे देण्याआधी घ्यावा. बिनकागदांच्या गाडीवर कितीही जीव ओतला तरी ती रस्त्यावर येत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचली, म्हणजे आता पद्मिनीही या दारात उभी आहे. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची हौस असेल तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण हाच मार्ग.

या नियमाचा खोललेल्या गाडीशी थेट संबंध आहे. पेट्रोल महागल्यावर अनेकांनी फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवले होते. आधीच्या मालकाने तसे केले असेल, किंवा मूळ इंजिन विकून टाकले असेल, तर व्हिंटेज नोंदणीचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून शेडमधल्या कोपऱ्यातले इंजिन कोणते, हे सौद्याआधीच पाहावे.

पत्रा खरे बोलतो

फियाट ११०० ला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालून जाणारी पोकळ पेटी, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो; यालाच मोनोकॉक म्हणतात. १९५३ मध्ये इटलीत आलेली ही गाडी याच तंत्राने बनवली होती. त्यामुळे पत्रा हलका ठेवता आला आणि गाडी चपळ झाली. याचीच दुसरी बाजू अशी की तळ आणि दरवाजाखालची पेटी गंजली की गाडीची ताकदच जाते.

गंज बाहेरून दिसतो त्याच्या कितीतरी पट आत असतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगाने होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की सांधा फुगतो, फाकतो, आणि त्या फटीत आणखी पाणी शिरते. पुण्याचा उन्हाळा कोरडा असला तरी जून ते सप्टेंबर शेडमध्ये ओल राहते. ताडपत्री गाडीला चिकटून बांधलेली असेल तर ती ओल आतच कोंडते.

तपासायला एक साधे लोहचुंबक पुरते. ते मऊ फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानीवरून, दरवाजाच्या खालच्या काठावरून, डिकीच्या कोपऱ्यांतून हळूहळू फिरवावे. पत्रा असेल तिथे हाताला ओढ जाणवते. जिथे ओढ एकदम ढिली पडते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चार बोटांएवढ्या जागेत लांबी असेल तर जुना पोचा बुजवलेला असेल. वीतभर जागेत चुंबक धरतच नसेल तर तिथला पत्राच संपलेला आहे. मग गाडीखाली झोपून बॅटरीच्या उजेडात, पेचकसाच्या मुठीने तळ ठोकत जावे. खणखणीत आवाज म्हणजे जिवंत पत्रा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे अंगावर पडले, तर तिथे खडूने खूण करावी.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. भिंतीला टेकवलेले दरवाजे आणून बिजागऱ्यांवर टांगा आणि लावून पाहा. दरवाजाभोवतीची फट वर-खाली सारखी असायला हवी. वर निमुळती आणि खाली रुंद होत असेल, किंवा कुलूप आपल्या खाचेत येतच नसेल, तर सांगाडा बसला आहे. असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आधीच्या मेस्त्रीने दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि तळ एकाच वेळी कापले आणि गाडीला मधून आधार दिला नाही. वाकलेल्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड केला की वाकच पक्का होतो. अशा गाडीत आधी सपाट जमिनीवर चारही कोपरे मापून टेकू द्यावे, आतून दरवाजांच्या चौकटींत लोखंडी पाइप टाचून सांगाडा बांधावा, आणि मग एकेक बाजू, थोडी थोडी करून बदलावी. प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून पाहावा. सीओटू वेल्डिंगही एका रेषेत सलग मारू नये. उष्णतेने पत्रा ओढला जातो, म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका असे करत जावे लागते.

आधीच्या मालकाने केलेले काम पाहून दोन टोकांच्या प्रतिक्रिया होतात: ‘एवढे झालेच आहे, पुढे चला’ किंवा ‘सगळे उपटा, नव्याने करा’. दोन्ही महाग पडतात. त्याचे काम मान देऊन तपासावे. चांगले असेल ते ठेवावे, संशय असेल ते उघडून पाहावे, आणि का ठेवले वा का काढले हे लिहून ठेवावे.

डब्यांचा हिशेब

दुसऱ्याने अर्धवट सोडलेला स्वेटर हाती घेणारी बाई आधी टाके मोजते आणि मगच सुई चालवते. इथेही तसेच. सगळे डबे एका मोठ्या चादरीवर ओतावेत, प्रत्येक भागाचा फोटो काढावा, चिठ्ठी बांधावी आणि वहीत चार रकाने करावेत: आहे आणि चांगले, आहे पण दुरुस्ती हवी, नाही, ओळखता येत नाही. चौथा रकाना भरायला मदत करणारी माणसे पुण्यात अजून आहेत. ज्यांनी उमेदीची वर्षे फियाटमध्ये घालवली असे मेस्त्री एखादी वाकडी क्लिप हातात घेऊन ती स्पीडोमीटरच्या केबलची की हँडब्रेकच्या दोरीची, ते क्षणात सांगतात. त्यांना बोलावून घ्यावे, चहा द्यावा, आणि ते बोलतील ते लिहून घ्यावे. दुसरा आधार म्हणजे त्याच वर्षाची चालू गाडी. तिच्या मालकाची परवानगी घेऊन बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे, दरवाजांच्या आत फोटो काढले तर कोडी भराभर सुटतात.

त्यानंतर, रंगाचा एक थेंबही लावण्याआधी, गाडी एकदा कच्ची जोडून पाहावी. बंपर, जाळी, दिवे, काचांची रबरे, क्रोमच्या पट्ट्या, सगळे आपापल्या जागी दोन-दोन स्क्रूंवर बसवावे. जे बसत नाही ते या टप्प्यावर कळले तर घासून, वाकवून, भोक सरकवून बसवता येते. रंग झाल्यावर कळले तर रंगावर हातोडी चालवावी लागते. आधी रंग आणि मग जुळणी, हा उलटा क्रम घेतल्याने पुष्कळ गाड्या दुसऱ्यांदा थांबतात.

इंजिन: दोन धातूंचा संसार

फियाटचे १,०८९ सीसीचे चार सिलेंडरांचे इंजिन साधे आणि प्रामाणिक आहे. सिलेंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दोन धातूंच्या या ओढाताणीत मधले हेड गॅस्केट सापडते. म्हणून हेड थंड असताना, मधल्या नटांपासून बाहेरच्या नटांकडे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानेच आवळायचे असते. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेले हेड पहिल्या घाटात पाणी गाळते.

वर्षानुवर्षे साध्या नळाच्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात दोन धातूंच्या सान्निध्याने ॲल्युमिनियम झिजते आणि स्टड हेडमध्ये धरून बसतात. अशा हेडच्या फटीत छिनी घालून ठोकले की मऊ पृष्ठभागाला कायमची खाच पडते. गंज सोडवणारे तेल रोज थोडे थोडे मुरवत, स्टडना हलके हादरे देत वाट पाहावी. हेड निघाले की सरळ पट्टी आडवी धरून फिलर गेजने वाक तपासावा आणि गरज असेल तरच लेथवाल्याकडून किमान फेसिंग करून घ्यावे.

इंजिन जाम असेल तर सेल्फ मारायचा मोह टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने, दोन्ही दिशांना, मिलिमीटरभर सरकवत मोकळे करावे. सिलेंडर झिजलेले असतील तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात, पण याला मर्यादा आहे. आधी किती वेळा बोअर झाले आहे ते मापून, मगच पिस्टन विकत घ्यावेत. उलट क्रमाने केले तर पिस्टन कपाटात राहतात.

ज्यावर जीव अवलंबून आहे

ब्रेक, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग या तीन गोष्टींत जुने जपण्याचा हट्ट धरू नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि जुन्या फियाटना एकच हायड्रॉलिक सर्किट, म्हणजे एका चाकाचा सिलेंडर फुटला तर पेडल थेट तळाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत त्या ओलीने सिलेंडर आतून गंजतात, आणि घाटात तापल्यावर तीच ओल वाफ होऊन पेडल मऊ करते. रबरे, होज, पाइप नवे, ऑइल नवे, हा नियम पाळावा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. पन्नास वर्षांपूर्वीची रबरे आणि कॉर्कची गॅस्केटे ते सोसण्यासाठी बनलेली नव्हती. टाकीत जमलेला गाळही इथेनॉल सोडवते आणि तो कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. टाकी आतून साफ करून, इथेनॉल सोसणारे पाइप घालून आणि मध्ये फिल्टर बसवूनच गाडी सुरू करावी.

वायरिंगमध्ये नव्याने रंगवलेल्या गाड्यांचा एक खास आजार असतो. दिवे मंद, काटे वेडेवाकडे, सेल्फ आळशी. कारण साधे: अर्थिंगच्या वायरी जिथे बॉडीला जोडतात तिथे रंग बसलेला असतो आणि वीज परत जात नाही. त्या जागा खरवडून धातू उघडा करावा, वायर आवळावी आणि वरून ग्रीस लावावे.

भाग आणि हात

नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, ही पुण्यातली शोधाची पहिली ठिकाणे. तिथे नाही मिळाले तर मुंबईला कुर्ला आणि चोर बाजार. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत इंजिन-गिअरबॉक्सचे पुष्कळ भाग एकमेकांना चालतात. डुक्कर फियाटची क्रोमची नक्षी आणि काचा मात्र दुर्मीळ, म्हणून ती गाडी घेताना हे भाग डब्यांत आहेत की नाहीत ते आधी पाहावे.

भागांपेक्षा हात दुर्मीळ होत आहेत. हातोडी आणि ठोकळ्यावर पत्रा वळवणारा डेंटर, रेडिएटरची नळी झाळणारा कारागीर, जुन्या नमुन्यावरून सीट शिवणारा कुशनवाला, लेथवर एकच बुश करून देणारा टर्नर: यांची कामे संपूर्ण भाग बदलण्याच्या जमान्यात कमी झाली. १९६६ पासून एआरएआयसारखी संशोधन संस्था, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि चाकणची नवी वसाहत यांमुळे पुणे हे गाड्या बनवणारे शहर झाले. त्याच शहरात जुनी गाडी पूर्ण करता येणे, हीसुद्धा त्याच विद्येची परंपरा आहे. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाने असा एक सांगाडा सरळ करताना पाहिला, तर पुस्तकातला मोनोकॉक त्याला आयुष्यभर विसरता येणार नाही.

किती नवे, किती जुने

फियाटच्या नावातले शेवटचे अक्षर तूरिन शहराचे. त्याच शहराच्या नावाने ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये एक सनद स्वीकारली. तिचा गाभा असा की ऐतिहासिक गाडी हा सांस्कृतिक ठेवा आहे, म्हणून जतन आधी, पुनर्बांधणी नंतर. जे बदलाल ते गरजेपुरते, शक्य तर परत काढता येईल असे, आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवून.

अर्धवट गाडीच्या मालकाला हे तत्त्व फार कामाचे आहे. सगळे नवे करण्याच्या नादात खर्च वाढतो आणि काम पुन्हा थांबते. डॅशबोर्डवरची मूळ तबकडी, हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरचा दट्ट्या जसा आहे तसा ठेवावा. पैसा पत्रा, ब्रेक आणि इंजिनावर घालावा.

काम संपले कधी म्हणायचे? गाडी रंगून उभी राहिली तेव्हा नाही. आधी गल्लीत, मग सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, मग दिवे घाटाच्या चढाला आणि उताराला, असे करत हजारेक किलोमीटर होऊ द्यावेत. मध्ये हेडचे नट पुन्हा तपासावेत, ऑइल बदलावे, गळती पुसून पुन्हा पाहावी. एवढे झाले की भागांची वही, फोटो, बिले, पत्रा कुठे कापला आणि इंजिनचे माप काय, हे सारे एका फाइलमध्ये घालून ती फाइल कागदपत्रांसोबत ठेवावी. उद्या गाडी मुलीकडे जावो वा परक्याकडे, ती फाइल गाडीबरोबरच गेली पाहिजे. ज्या अज्ञानाशी झगडत आपण ही गाडी उभी केली, ते पुढच्याच्या वाट्याला येऊ न देणे, हा या कामातला शेवटचा आणि सर्वांत टिकाऊ भाग आहे.